छपरावरचें शेवाळ काढावें काय ?

दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आम्ही सारे भाऊ कोंकणांतील मूळ घरीं जमलों असतां एका क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावरून घरांत दोन तट पडले. छपराच्या उत्तरेकडील पाख्यावर शेवाळ इतकें माजलें होतें कीं, मंगलोरी कौलांचा तांबडा रंग शोधूनहि सांपडेना. थोरल्या बंधूंचें मत असें पडलें कीं, शहरांतून यंत्र आणवून हें सर्व एकदांचें धुऊन काढावें. पुतण्या आणि सूनबाई यांनीं त्याला कडाडून विरोध केला. घराची सारी शोभा त्या शेवाळांतच आहे, तें खरवडणें म्हणजे आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या इस्त्रीनें घालविण्यासारखें आहे, असा त्यांचा युक्तिवाद. वर्षाचे बारा महिने त्या घरांत एकट्या राहणाऱ्या आमच्या काकू मात्र एवढेंच म्हणाल्या, "काढा नाहीं तर ठेवा, बाबांनो, पण वर चढणार कोण, तें आधीं सांगा." काकूंचें बोलणें त्या वेळीं कोणींच मनावर घेतलें नाहीं, आम्हींहि नाहीं. त्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

हा वाद आमच्या एकट्याच्या घरचा असता तर तो चव्हाट्यावर मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु कोंकणांत व गोमंतकांत अशीं घरें गांवोगांव आहेत. त्यांचे मालक मुंबई-पुण्यास, कित्येक तर सातासमुद्रांपलीकडे, आणि घरीं एखादें वडील माणूस अथवा नुसतें कुलूप. मे महिन्यांत मंडळी येतात, अंगणांत उभें राहून वर पाहतात, आणि हाच वाद करून परत जातात. यास्तव दोन्ही पक्षांचा थोडा खरपूस समाचार घेणें अनाठायीं होणार नाहीं.

प्रथम सफाईवाल्यांचा पूर्वपक्ष घेऊं. त्यांचें म्हणणें, शेवाळाचीं मुळें कौलांत शिरतात व कौलें फोडतात. हें अगदीं चूक आहे. शेवाळाला मुळें नसतातच. त्याला बारीक तंतु असतात, त्यांनीं तें कौलास नुसतें धरून राहतें. त्याचें पोषण पानांवर पडणारें पावसाचें पाणी, हवेंतील धूळ आणि उजेड यांवर होतें. त्यांचा दुसरा आधार असा कीं, विलायतेंत लोक छपरें घासून घेतात. घेतात खरे, पण तेथें हिंवाळ्यांत शेवाळांतलें व कौलाच्या छिद्रांतलें पाणी रात्रीं गोठतें, गोठतांना फुगतें आणि कौलाचे पापुद्रे उडवितें. आमच्या किनाऱ्यावर पाणी कधींच गोठत नाहीं. ज्या रोगाची येथें हवाच नाहीं, त्याचें भय उसनें आणून आपण त्यावर पैसा खर्च करावा, यांत कोणतें शहाणपण ?

मात्र एवढ्यावरून शोभावाल्यांनीं टाळ्या पिटूं नयेत. शेवाळ निरुपद्रवी आहे असें आम्ही म्हटलेलें नाहीं. मंगलोरी कौलाची सारी करामत त्याच्या खांचांत आहे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खांचेंत बसते व पाणी त्या पन्हळींतून खालीं वाहून जातें. शंभर चौरस फुटांना सुमारें दीडशें कौलें लागतात; म्हणजे दोन हजार फुटांच्या छपरावर तीन हजार कौलें आणि त्यांचे हजारों सांधे झाले. वाळलेलें शेवाळ पहिल्या सरीबरोबर पुनः जिवंत होतें, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतें, आणि त्याचा गोळा खांचेंत बसला कीं पाण्याची वाट अडते. अडलेलें पाणी आडवें वळून कौलाखालीं येतें व रिपेवर ठिबकतें. रीप ओली ती ओलीच राहते, मग कुजते, मग तिच्याखालचा वासा. जेथें वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व तोहि बहुतेक चार महिन्यांत, तेथें हा हिशेब लहान नव्हे. दोन पाखीं मिळतात त्या सांध्यांत तर असे गोळे घरंगळत येऊन बांधच घालतात.

शोभावाले जपानचें उदाहरण मोठ्या हौसेनें देतात. क्योतो येथील सैहोजी मंदिराचें शेवाळाचें उद्यान जगप्रसिद्ध असून १९९४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या तेथील स्थळांत त्याचाहि समावेश आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु तें शेवाळ जमिनीवर आहे, कोणाच्या डोक्यावरील छपरावर नाहीं. आणि तेथें माळी वाळलेलीं पानें झाडीत व तण वेंचीत असतात, म्हणूनच तें टिकतें. दुसरें नांव घेतलें जातें विल्यम मॉरिस याचें. जुन्या इमारती खरवडून कोऱ्या करण्याच्या वेडाविरुद्ध त्यानें १८७७ सालीं इंग्लंडांत संस्था काढली, तेव्हां तो आपला म्हणून हे लोक त्याला पुढें करतात. पण त्या संस्थेच्या जाहीरनाम्यांत खरवडूं नका याच्याच जोडीला रोजच्या रोज डागडुजी ठेवा हाहि आग्रह आहे. आमच्या रसिकांनीं अर्धा मॉरिस वाचला व सोयीचा तेवढाच पाठ केला ! हिरव्या छपराचें छायाचित्र मोबाइलवर मित्रांना धाडणारा मनुष्य श्रावणांत त्या छपराखालीं निजत नाहीं. रात्रीं माजघरांत घमेलें कोठें ठेवावें, हें ज्याला ठरवावें लागतें त्याला त्या मखमलीचें कौतुक किती वाटेल ?

असो. आमच्या घरीं जय सफाईवाल्यांचा झाला. यंत्र आलें, दोन तरुण आले, आणि एका दिवसांत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें छप्पर असें तांबडें झालें कीं, आदल्या दिवशीं विरोध करणारेहि खूष झाले. वर पुन्हा शेवाळ येऊं नये म्हणून ब्लीचिंगचें पाणीहि मारलें. आठ दिवसांत तुळस करपली. मृगाच्या पहिल्या पावसांत घर अकरा ठिकाणीं गळलें. कारण फवाऱ्याचा मारा खालून वर झाल्यामुळें कौलें जागचीं हाललीं होतीं. आणि ज्यासाठीं हा खटाटोप, तें शेवाळ दुसऱ्या पावसाळ्यांत परत हजर ! भाजलेल्या कौलाचा वरचा पक्का पापुद्रा फवाऱ्यानें निघून गेला कीं, खालचा अंश खरबरीत व सच्छिद्र असतो. त्यावर शेवाळ पूर्वीपेक्षां लवकर धरतें. मोरचुदानें शेवाळ मरतें, हें बोर्डो मिश्रण मारणाऱ्या आमच्या सुपारीवाल्यांना सांगावयास नको. पण छपराचें पाणी ज्या विहिरीच्या आसपास जिरतें, तिच्या धन्यानें तो प्रयोग करूं नये हें बरें.

मग पूर्वीं आमच्या वडिलांच्या वेळीं हा प्रश्न कां उद्भवत नव्हता ? तेव्हां छपरावर नळे होते. वारा, मांजरें आणि माकडें ते हालवीत. म्हणून दरवर्षीं मृगापूर्वीं घर शाकारावेंच लागे. नळे खालीं उतरत, झाडले जात, फुटके निवडून पुनः बसविले जात. शेवाळ काढावें कीं ठेवावें असा वाद कोणीं घातला नाहीं. तें त्या कामांत आपसूक निघून जाई. पुढें बासेल मिशननें १८६५ त मंगळुरास कारखाना काढला व एकांत एक अडकणारें कौल हळूहळू सर्व किनाऱ्यावर पसरलें. तें दरवर्षीं परतावें लागत नाहीं हा त्याचा मोठा गुण. पण त्या गुणाबरोबरच वर चढण्याची वहिवाट सुटली. त्यांतच तरुण माणसें शहरांत गेलीं, फणसाच्या फांद्या छपरावर आल्या, सावली दाटली. शेवाळाला आणखी काय पाहिजे ?

तेव्हां आमचा निर्णय असा. शेवाळ काढावें, पण रंग दिसावा म्हणून नव्हे, तर पाण्याला वाट मिळावी म्हणून. फाल्गुन-चैत्रांत तें कडक वाळलेलें असतें, तेव्हां नारळाचें सोडण किंवा काथ्याचा कुंचा घेऊन, आढ्याकडून वळचणीकडे, म्हणजे वरून खालीं, हातानें काढावें. उलट घासल्यास कौल उचललें जातें. खांचा, सांधे आणि पन्हळी साफ कराव्या. कौलाच्या पाठीवर राहिलेली पातळ हिरवट झांक खुशाल राहूं द्यावी. छपरावरील फांद्या तोडाव्या. काम जाणत्या माणसास योग्य मजुरी देऊन, शिडी छपरावर आडवी टाकून व दोर बांधून करवावें. ओल्या छपरावर कोणासहि चढवूं नये. आणि हें एकदां नव्हे, दरवर्षीं.

येथें शेवटचा आक्षेप येईल कीं, एका जुन्या घरासाठीं इतकी यातायात कोणीं करावी ? हाच खरा प्रश्न आहे. घर नको असेल तर तसें स्पष्ट म्हणावें व जो त्यांत राहील त्याला तें द्यावें. त्यांत लाज नाहीं. पण घर आपलें म्हणावयाचें, त्याच्या आठवणी सांगावयाच्या, आणि दहा वर्षांतून एकदां यंत्र पाठवून किंवा शेवाळाचें काव्य करून मोकळें व्हावयाचें, हें आम्हांस मान्य नाहीं. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीला चुकवीत होते. काकूंनीं ती पहिल्याच दिवशीं विचारली होती.

यंदा आम्हां भावांनीं पाळी लावली आहे. पहिली पाळी आमची होती. चैत्रांत आठ दिवस गांवीं जाऊन, गांवांतल्या एका जाणत्या गड्याबरोबर काम करवून घेतलें. फुटकीं एकेचाळीस कौलें निघालीं. काकू खळ्यांत खुर्ची टाकून तीं मोजीत बसल्या होत्या, आणि आमची मोजणी दोनांनीं चुकली हें त्यांनीच दाखवून दिलें.