जाळ्याआधी पाणी बघा

भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या बाजूला मासेमारीजोगे पाणी म्हणजे शेलूदचा धामणा आणि दानापूरचा जुई, हे दोन मध्यम प्रकल्प. उजनी-जायकवाडीपुढे ती डबकीच. पाऊस रुसला की उन्हाळ्यात त्यांचा तळ उघडा पडतो. तरीही मासेमारीच्या नियमांचा विषय निघाला की आपण सगळी धरणे एकाच मापाने मोजतो आणि अमुक जाळे चांगले, तमुक वाईट असा निवाडा देऊन मोकळे होतो. खरे तर त्या पाण्यात मासा कोणता आहे आणि पाणी किती दिवस टिकणार आहे, हे पाहिल्याशिवाय कुठल्याच जाळ्याचा निवाडा करता येत नाही.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचे ईरी सरोवर पाहा. तिथे वॉलाय हा शिकारी मासा फार मोलाचा. अमेरिकेच्या बाजूचे हौशी लोक होडी सावकाश चालवत तिच्यामागे गळ आणि नकली आमिष ओढत नेतात. धावते भक्ष्य समजून मासा झडप घालतो. कॅनडाच्या बाजूचे व्यावसायिक मच्छीमार त्याच माशासाठी पाण्यात पडद्यासारखी उभी जाळी लावतात. पद्धती दोन, पण वर्षाला किती मासा काढायचा याचा आकडा दोन्ही बाजू मिळून ठरवतात. आता हाच ओढता गळ धामण्यात चालवला तर? मरळ किंवा शिंगाडा एखादे वेळी लागेलही, पण कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा; तो आमिषामागे कशाला धावेल? आपल्याकडे पोट भरायचे तर जाळेच हवे. मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, उभ्या जाळ्यात मासा डोके घालतो, कल्ल्यांशी अडकतो आणि लहान पोर निसटून जाते. उजनीत बदनाम झालेले वडाप नावाचे जाळे मात्र बारीक आसाचे. ते पाण्यातून ओढत नेले की बोटभर पिल्लूही सुटत नाही. म्हणजे होडीमागे गळ ओढणे आणि वडाप ओढणे, दोन्हींना आपण ‘ओढणे’च म्हणतो, पण पहिल्यात एकेक मासा येतो आणि दुसऱ्यात पुढच्या दोन वर्षांचा मासा आजच येतो. कटला, रोहू, मृगळ धरणाच्या साचल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला नदीचा वाहता लोंढा लागतो. म्हणून तर बोटुकली विकत आणून सोडावी लागते. ती वडापाने काढणे म्हणजे पेरलेले बी उकरून खाणे.

यावर मच्छीमाराचा सवाल रास्त आहे: मी सोडलेला मासा उद्या दुसराच कुणी नेणार, मग मी थांबू कशासाठी? पन्नास ग्रॅमचे वीस मासे म्हणजे एक किलो. तेच किलो-किलोचे झाले आणि त्यातले निम्मे मेले, तरी दहा किलो. हिशेब सरळ आहे, पण तलावाचा ठेका त्याच मच्छीमार संस्थेकडे टिकेल आणि चोरटी जाळी उचलली जातील, असा भरवसा असेल तरच तो लागू पडतो. म्हणून पहारा एकट्या धरणावर नको, मासळीच्या लिलावातही हवा. भिगवणसारख्या बाजारात बोटभर रोहूला गिऱ्हाईकच मिळाले नाही, तर वडाप आपोआप सुकेल. चिलापी फार माजली आहे, ती काढायला बारीक जाळे लागतेच, असेही सांगतात. पण त्या जाळ्याला चिलापी आणि रोहूचे पिल्लू यांतला फरक कळत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र आपल्याच भागातला आहे. तलाव एप्रिल-मेमध्ये आटणारच असेल, तर मासा वाढायला ठेवून तो चिखलात मरू द्यायचा का? नाही. इथे ‘ओढजाळे कधीच नको’ हा उजनीसारख्या मोठ्या धरणाला शोभणारा नियम जसाच्या तसा लावणे हा शुद्ध आडमुठेपणा होईल. आटणाऱ्या तलावात बोटुकली मोठी सोडावी, म्हणजे एका हंगामात ती विक्रीजोगी होते. पाणी असेपर्यंत मोठ्या आसाचे उभे जाळेच लावावे. आणि पातळी मृतसाठ्याच्या खाली गेली की त्याच संस्थेला ओढजाळे घालून उरलेला मासा काढू द्यावा. मोठ्या, बारमाही धरणांत मात्र ओढजाळ्याला बाराही महिने बंदी हवी. मत्स्यव्यवसाय विभागाने ठेक्याच्या अटींत प्रत्येक तलावाची ही पातळी आकड्यात लिहावी. पाण्याच्या पातळीचा आकडा पाटबंधारे खात्याकडे रोजच्या रोज असतो.