पात्र-अपात्रतेची उतरंड

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत परिशिष्ट-२ची यादी लागली. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली की कुणाला घर मिळणार आणि कुणाला नाही, हे याच यादीवर ठरतं. काकांच्या नावापुढे ‘पात्र’ लिहिलं होतं. आमचं नाव यादीतच नव्हतं. काका खाली राहतात, आम्ही त्यांच्याच खोलीवर चढवलेल्या माळ्यावर. नळ एक, शिडी एक, आडनाव एक. माझा जन्म त्या माळ्यावरचा आणि पीएच.डी.चा प्रबंधही मी तिथेच बसून लिहितेय. आई चौकशीला गेली तेव्हा टेबलामागचा माणूस म्हणाला, “मावशी, वरच्या माळ्याला काही नसतं.” घरी येऊन आई मला एवढंच म्हणाली, “म्हणजे तीस वर्षं आपण इथं राहिलोच नाही म्हण की.”

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. झोपडपट्टीच्या ‘सामूहिक जीवना’वर भाळून पेपर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी पहाटे पाच वाजता सार्वजनिक संडासाच्या रांगेत एक महिना उभं राहावं, मग बोलू. आम्हाला पक्कं घर हवंय, घरात संडास हवाय, पावसाळ्यात कोरडी राहणारी भिंत हवीय. माझा प्रश्न वेगळा आहे. या नव्या इमारतीत माणूस म्हणून कोण मोजला जातो, आणि हे मोजमाप ठरवतं कोण?

जरा आकडे बघा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींतल्या भाडेकरूला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर आहे. धारावीत १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला ३५० चौरस फूट. मुंबईतल्या इतर झोपडपट्टीत त्याच तारखेच्या आधीच्या माणसाला ३००. २००० ते २०११ या काळात आलेल्याला घर मिळेल, पण अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर आलेल्याला काही नाही. आणि माळ्यावर राहणारा? तो कितीही आधी आलेला असो, साध्या पुनर्वसन योजनेत त्याची वेगळी नोंदच होत नाही.

बीडीडीवाल्यांना ५०० फूट मिळतात याचा मला हेवा नाही, ती आपलीच माणसं आहेत. पण या आकड्यांची रचना ओळखीची वाटत नाही का? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरच्याबद्दल चीड असली तरी प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीवर जायची भीती असते, म्हणून सगळे मिळून उतरंड पाडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. पुनर्विकासाच्या यादीने वस्तीत नेमकं हेच केलं. आमच्या वस्तीत ‘पात्र’ लोकांना भीती घातली गेली की अपात्रांनी हरकती घेतल्या तर योजना रखडेल आणि तुमचं भाडं बंद होईल. काकांनी संमतीपत्रावर सही केली. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे जवळपास निम्म्या वस्तीशी न बोलताही काम पुढे जातं. सही केली त्या दिवसापासून काका आणि बाबा बोलत नाहीत. कुणा गुंडाने आमचं घर फोडलं नाही. ते एका कागदाने फोडलं.

आता तारखेचं बघू. पहिल्या पिढीचे पदवीधर असाल तर तारखेची दहशत तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत तर त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? ज्यांना कागदापासून पिढ्यान् पिढ्या दूर ठेवलं, त्यांच्याकडेच कागद मागायचा, ही या राज्यव्यवस्थेची जुनी खोड आहे. झोपडपट्टीची ‘कट-ऑफ डेट’ तिचंच शहरी रूप आहे. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या बाईने मतदार यादीत नाव घालायला वेळ काढला नाही. नंतर घातलं तेव्हा ते सासरच्या नावाने लागलं, रेशन कार्डावर माहेरचं राहिलं, आणि २६ जुलै २००५च्या पुरात दोन्ही कागद भिजून गेले. ती आज कोण? अपात्र.

बरं, ही तारीख काही दगडावर कोरलेली नाही. १९७६ साली मुंबईत झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. त्यानंतर १९८५, १९९५, २००० अशी तारीख सरकत आली. २००० ही तारीख कायद्यात आली २०१४ साली, विधानसभा निवडणुकीच्या वर्षी. जी तारीख मतांसाठी सरकते ती माणसांसाठी का सरकत नाही?

हे फक्त मुंबईचं दुखणं नाही. दिल्लीत दोन तारखा पार कराव्या लागतात, वस्ती २००६ पूर्वीची हवी आणि झोपडी २०१५ पूर्वीची. चेन्नईत शहराच्या पोटातल्या वस्त्या उठवून माणसं कण्णगी नगर आणि पेरुंबाक्कमला नेऊन ठेवली. तिथे गेलेल्यांत दलितांचं प्रमाण मोठं आहे. घर मिळालं, पण धुणीभांड्याची कामं, मुलांच्या शाळा मागे राहिल्या. आणि धारावी? तिथे माळ्यावरच्यांना घर द्यायचं ठरलंय, पण धारावीबाहेर आणि भाड्याचे हप्ते भरून. धारावीबाहेरच्या घरांसाठी सरकारने ज्या जागा देऊ केल्या त्यांत देवनारच्या कचराभूमीची जमीनही आहे. गावात आपलं घर कुठे असायचं, हे आठवा. गावकूस गेलं, त्याच्या जागी शहराची हद्द आली.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “फुकट घर मिळतंय, वर नखरे कशाला?” ऑफिसात, व्हॉट्सॲपवर, कधी कधी आपल्याच फ्लॅटमध्ये गेलेल्या नातेवाइकांकडूनही. फुकट काय आहे? आमच्या जमिनीवर बिल्डर विक्रीची इमारत उभी करतो, तिच्या पैशातून आमची बांधतो आणि नफा घेऊन जातो. धारावी मुळात खाजण होती. ती जमीन राहण्याजोगी केली तिथल्या माणसांनी, भराव टाकून, कातडं कमावून, मडकी भाजून. या शहराची गटारं उपसणारे, रस्ते झाडणारे हात कुठल्या जातींचे आहेत हे महापालिकेला विचारा. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि तरीही फुटपाथवरची माणसं उठवायला परवानगी दिली. हक्क तत्त्वात मान्य, प्रत्यक्षात नोटीस. हा खेळ तेव्हापासून चालू आहे.

आता आपल्याबद्दल. मी एका चर्चासत्रात ‘शहरी नागरिकत्व’ या विषयावर पेपर वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात हरकत दाखल करायची मुदत संपत होती आणि आईचा अर्ज मी लिहिला नव्हता. शेजारच्या दहावी नापास मुलाने लिहिला. ही शरम मी इथे मुद्दाम मांडतेय, कारण ती माझ्या एकटीची नसावी. आपण शिकलो, वस्तीतून निघालो, आणि वस्तीवर बोलायला शिकलो. वस्तीसाठी अर्ज लिहायला विसरलो.

मागण्या अवघड नाहीत. मजला कुठलाही असो, प्रत्येक कुटुंब स्वतंत्र मोजा. तारीख हटवा, आज राहतो तो रहिवासी माना. प्रत्येक अपात्रतेचं कारण मराठीत आणि त्या वस्तीच्या भाषेत लेखी द्या. एकट्या बाईच्या नावातल्या फरकाला अपात्रतेचं कारण करू नका. आणि घर द्यायचं ते कामाच्या जवळ द्या, कचऱ्याच्या जवळ नको.

तोपर्यंत तुमच्या-माझ्यासारख्यांनी एक काम करावं. तुमच्या वस्तीत यादी लागली असेल तर ती पूर्ण वाचा. जे नाव नाही ते शोधा. माहितीच्या अधिकारात सर्वेक्षणाची प्रत मागा. ‘पात्र’ माणसाला शेजारी बसवून ‘अपात्र’ माणसाचा अर्ज लिहा, कारण ही उतरंड त्या दोघांनी एकत्र बसल्याशिवाय पडणार नाही. मी परवा काकांकडे शिडी उतरून गेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आईच्या अपिलावर, ती १९९३ पासून इथेच राहते म्हणून, साक्षीदाराची सही त्यांनी केली.

जय भीम.