पायातला भाता

दोस्तांनो, या वेळचं पत्र आलंय जुन्नर तालुक्यातून, नारायणगावजवळच्या एका गावातून. पत्र लिहिणारा नववीत आहे आणि त्याचा मामा तमाशाच्या फडात कीबोर्ड वाजवतो. (गावाकडं या वाद्याला सरसकट ‘कॅसिओ’च म्हणतात, मग ते कुठल्या का कंपनीचं असेना!) मामाकडे दोन कीबोर्ड आहेत, स्टँडवर एकावर एक चढवलेले. खालच्यावर डाव्या हातानं पेटीचा आवाज, वरच्यावर उजव्या हातानं व्हायोलिनचा ताफा. मागच्या हंगामात आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत लावणी ऐन रंगात आली आणि वरच्या कीबोर्डच्या गदारोळात गाणाऱ्या बाईंचे शब्दच बुडाले. समोरून ओरडा सुरू झाला. आवाज कमी करायला मामानं डावा हात उचलला, तर पेटीचा सूर तुटला. त्या रात्री बाई मामाशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढे तो लिहितो, “पायानं आवाज कमी-जास्त करता येतो असं ऐकून आम्ही एका दुकानातून पेडल आणलं. पण ते दाबलं की आवाज कमी होत नाही, सूर नुसता लांबतो. आता पाडव्याच्या आत काहीतरी करायला पाहिजे. एक पेडल घेऊ की दोन?”

पाडव्याची घाई कशाला, ते त्या भागातल्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी तमाशा ठरवायला, म्हणजे सुपारी द्यायला येतात. ‘गेल्या साली गाणं ऐकूच आलं नाही,’ असं एखाद्या गावानं म्हटलं, की ती सुपारी शेजारच्या राहुटीत गेलीच म्हणून समजा.

आता गंमत बघा. मामाची ही अडचण साध्या हातपेटीवर येतच नाही. पेटीवाला उजव्या हातानं सूर वाजवतो आणि डाव्या हातानं भाता हलवतो. गाणारी व्यक्ती शब्दावर आली की भात्यावरचा हात आपोआप हलका होतो, शब्द संपले की जोर चढतो. म्हणजे पेटीवाल्याचा डावा हात वारा भरतो आणि आवाजही राखतो. संगीत नाटकांत जो ऑर्गन वाजायचा, ज्याला पायपेटी म्हणायचे, त्यात भाता गेला पायांकडे आणि दोन्ही हात सुरांना मोकळे झाले. मग आवाज कसा आवरायचा? त्यासाठी गुडघ्याजवळ एक दांडी असायची. गुडघा बाजूला रेटला की आतली झडप उघडायची आणि आवाज मोठा व्हायचा! ही युक्ती तशी जुनीच. लंडनच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये 1712 साली अब्राहम जॉर्डन नावाच्या कारागिरानं ऑर्गनच्या काही नळ्या पेटीत बंद करून पुढं सरकती झडप बसवली होती. तिचा खटका वाजवणाऱ्याच्या पायाशी होता.

कीबोर्डात वाराही नाही आणि भाताही नाही. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, आणि आवाज मात्र एका बटणाच्या ताब्यात. तेव्हा मामाला हवंय ते काही नवं यंत्र नाही बरं का, हरवलेला भाता हवाय.

आता तुमच्या फसलेल्या पेडलविषयी. ते सस्टेन पेडल. त्याच्यात फक्त चालू-बंद करणारं बटण असतं, म्हणून सूर लांबतो. टाकून देऊ नकोस, संथ चालीला कामाला येईल. आवाजाचं पेडल शिलाई मशिनच्या पायट्यासारखं पुढं-मागं झुलतं आणि मधे कुठंही थांबतं. त्याच्या दोन जाती आहेत, त्यांत गल्लत करायची नाही.

पहिली जात एक्स्प्रेशन पेडलची. यातून गाण्याचा आवाज जातच नाही. ते कीबोर्डाला नुसतं सांगतं, ‘पाय इथवर आलाय, तेवढा आवाज ठेव.’ त्यासाठी कीबोर्डाच्या मागे ‘एक्स्प्रेशन’ असं लिहिलेलं वेगळं भोक लागतं. लहान कीबोर्डांना ते बहुधा नसतं, आधी मागं वळून बघ. शिवाय या पेडलच्या तीन तारांची जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. एका कंपनीचं पेडल दुसरीच्या कीबोर्डाला लावलं तर आवाज वेडावाकडा होतो किंवा काहीच होत नाही. दुकानात कीबोर्ड सोबत घेऊनच जा, ओझं होईना का.

दुसरी जात व्हॉल्यूम पेडलची. हे कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मधे बसतं आणि आवाज खरोखर त्याच्यातून जातो. आत असतो एक पॉट, रेडिओच्या बटणामागे असतो तसाच. कार्बनच्या पट्टीवर सरकणारा एक संपर्क, एवढंच. कुठल्याही कीबोर्डाला चालतं, त्यामुळे जुन्या सामानाला हेच बरं. फक्त गिटारसाठीचं पेडल गळ्यात मारून घेऊ नका. त्यातला पॉट बहुधा 250 किलोओहमचा किंवा त्याहून मोठा असतो, कीबोर्डासाठीच्या पेडलात 25 किलोओहमच्या आसपासचा. मोठा पॉट लावला आणि पुढं साऊंडवाल्यापर्यंत लांबलचक वायर गेली, की पाय अर्ध्यावर आणल्यावर आवाजातली धार जाते. व्हायोलिन गोधडीखालून वाजल्यासारखं वाटतं.

इथे जरा कानाची गोष्ट सांगू द्या, कारण तिच्याशिवाय पेडल कळत नाही. एक ढोलकी वाजतेय. शेजारी तितक्याच जोरानं दुसरी वाजायला लागली, तर आवाज दुप्पट वाटेल का? नाही वाटत, थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहा ढोलक्या लागतात! वर्गात टाळ्या वाजवून हा प्रयोग करून बघा (मास्तर नसताना). आता पेडलमधल्या पॉटची पट्टी जर सगळीकडे सारखी असेल, तर पाय अर्ध्यावर आला की विजेचा दाब निम्मा होतो, ताकद चौथाईवर येते. पण कान म्हणतो, ‘हां, जरासा कमी झाला.’ आणि मग अगदी शेवटच्या बोटभर अंतरात सगळा आवाज धाडकन पडतो. लावणीत असं झालं तर पुन्हा ओरडा! म्हणून व्हॉल्यूम पेडलमध्ये ‘लॉग’ जातीचा पॉट घालतात. त्याची पट्टी कानाच्या हिशेबानं बनवलेली असते. आजकालच्या बहुतेक पॉटवर लॉगसाठी ‘ए’ आणि सरळ पट्टीसाठी ‘बी’ हे अक्षर असतं. उद्या पॉट बदलायची वेळ आली तर मेकॅनिकला एवढं आठवणीनं सांग.

आता एक की दोन? दोन पेडल घेतली तर दोन पाय लागणार. मामा उभ्यानं वाजवत असेल तर दोन्ही पाय पेडलवर ठेवून उभं राहणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ. खुर्ची घेतली तर जमेल, पण मग सस्टेनला पाय उरला नाही. दुसरी वाट स्टिरिओ पेडलची. त्यात दोन पॉट एकाच दांडीवर असतात, दोन कीबोर्ड दोन बाजूंना जोडले की एका पायानं दोघांचा आवाज बरोबरीनं खाली-वर होतो. किंवा दोन्ही कीबोर्ड आधी छोट्या मिक्सरमध्ये घालायचे आणि मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या एका वायरवर साधं पेडल लावायचं. तेच काम झालं. आणखी एक वाट मिडीची आहे. 1983 साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ती भाषा आली. तिच्यात पायाची जागा 0 ते 127 या आकड्यांत सांगतात, आणि एका कीबोर्डाला लावलेलं पेडल वायरीवरून दुसऱ्यालाही हुकूम देऊ शकतं. पण रात्री यात्रेच्या गडबडीत या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

खरं सांगू का, तुझं पत्र मी पुन्हा वाचलं आणि मला वाटलं की मामाला एकच साधं व्हॉल्यूम पेडल पुरेल, तेही फक्त वरच्या कीबोर्डाला. शब्द बुडवले ते व्हायोलिनच्या ताफ्यानं. पेटी बिचारी बाईंच्या सुरालाच धरून होती. तिला कशाला खाली आणायची? पेटीचा आवाज तालमीत एकदा ठरवून ठेवायचा आणि पाय ठेवायचा व्हायोलिनवर. पैसेही निम्मे.

पेडल आणलं की आधी पाय पुढं पूर्ण दाबून सगळ्यात मोठा आवाज ठरवा, तो साऊंडवाल्याला ऐकवा. मग टाच पूर्ण मागं. बऱ्याच पेडलना कमीत कमी आवाज ठरवायची एक बारकी खुंटी असते. ती अशी लावा की पाय मागं नेला तरी व्हायोलिन अगदीच मरू नये, शब्दांच्या मागं धुगधुगत राहावं. हे सगळं बाईंना समोर गायला बसवून करा. मामाच्या कानानं नको, कारण वाजवणाऱ्याला आपला आवाज नेहमी कमीच वाटतो!

आणि धूळ! ज्या गावात दिवसा घाटात बैलगाडे पळाले, तिथे रात्री स्टेजवर काय उडत असेल ते तुला ठाऊकच आहे. कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की पाय हलवताना खर्र खर्र ऐकू येतं. फड सुटला की पेडल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. खरखर सुरू झालीच तर सगळ्या वायरी काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा आणि पेडल वीस-पंचवीस वेळा पुढं-मागं करायचं. तेल मात्र घालू नका. स्टेजवर पेडल घसरत असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा टाका.

तेव्हा दुकानात जायच्या आधी बाईंनाच विचारून घे, शब्द नक्की कुठल्या कीबोर्डाखाली बुडतात. त्या पेटी म्हणाल्या, तर स्टिरिओ पेडल घ्या. आणि पाडव्यानंतर किती सुपाऱ्या आल्या ते मला कळव.