सही जुळत नाही

गेल्या महिन्यात साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याच्या खोलीत पाऊल टाकले आणि थबकलो. भिंतीवर दहा-बारा वर्षे असलेला बॉब डिलनचा मोठा फोटो नाहीसा झाला होता. त्याच्या जागी पांढुरका चौकोन तेवढा उरला होता. गिटारही पिशवीत घालून कपाटावर चढवलेली. विचारले, तर म्हणाला, "मामा, तो माणूस खोटा आहे."

भाचा तिशीतला. एमआयडीसीत नोकरी करतो आणि रविवारी मित्रांबरोबर स्वतः केलेली गाणी म्हणतो. म्हणतो म्हणजे, म्हणत असे. डिलनवर २०२४ साली आलेला चित्रपट पाहून त्याने एकामागून एक चरित्रे वाचून काढली आणि त्याचे मन विटले. नाव बॉब डिलन नव्हेच, रॉबर्ट झिमरमन. विजेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानदाराचा मुलगा, पण पोरवयात जत्रेबरोबर गावोगाव हिंडल्याच्या थापा मारायचा. गाण्याची ढब वूडी गथ्रीची उचललेली. लोकगीतांचा कैवारी म्हणून डोक्यावर घेतले, तर १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात विजेची गिटार घेऊन उभा राहिला. १९७९ मध्ये एकदम ख्रिस्तभक्तीची गाणी, २०१५ मध्ये सिनात्राची जुनी गाणी. "यातला खरा कोणता? आणि मी त्याच्यासारखी गाणी करतो, म्हणजे मी नकलेची नक्कल!"

मी लगेच काही बोललो नाही. कारण हेच भांडण मी बाविसाव्या वर्षी वडिलांशी घातले होते, डिलनवरून नव्हे, अब्दुल करीम खाँसाहेबांवरून.

आम्ही सांगलीचे. मिरज हाकेच्या अंतरावर. माझ्या आजोबांनी खाँसाहेबांना मिरजेत ऐकले होते आणि घरात ते नाव देवाच्या पंगतीत होते. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथल्या संगीतसभेला वडील मला लहानपणापासून नेत.

पुढे एका संग्राहकाकडे मला त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या रेकॉर्ड ऐकायला मिळाल्या आणि मी चक्रावलो. दणकट, चपळ गाणे. आणि १९३४ नंतरच्या ओडियनच्या रेकॉर्डमध्ये? तो बारीक, रेशमी, एका स्वरावर श्वास विसरून थांबणारा आवाज. एकाच माणसाचे हे दोन गळे, यावर विश्वास बसेना. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात त्यांच्यावर ग्वाल्हेरच्या रहिमतखाँचा खोल ठसा उमटला होता. (हे रहिमतखाँ अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर खरोखरच गावोगाव फिरत. डिलनला ज्याची थाप मारावी लागली, ते आमच्या कृष्णाकाठाने प्रत्यक्ष पाहिले आहे!) त्यानंतर म्हैसूर दरबाराच्या ओढीने कर्नाटक संगीत आले, सरगम आली, त्यागराजांच्या कृतींच्या रेकॉर्डही निघाल्या. आणि कहर म्हणजे 'मानापमान' नाटकातली पदे! मी वडिलांना म्हणालो, "हे तर गिऱ्हाईक बघून माल काढणारे दुकान झाले." वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उत्तर मला गाण्यात नव्हे, बँकेत मिळाले. साताऱ्याच्या एका शाखेत (बँकेचे नाव नको) मी चेक पास करायला बसत असे. एका निवृत्त मास्तरांची सही नमुन्याच्या कार्डाशी जुळेना. मी त्यांना काउंटरवर पाच वेळा सही करायला लावली. मागे रांग. पाचही सह्या वेगळ्या. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी म्हणाले, "साहेब, हात माझाच आहे हो." त्याच वर्षी एक बनावट चेक मात्र माझ्या हातून पास झाला. ती सही कार्डाशी तंतोतंत जुळत होती, कारण ती केलेली नव्हती, काढलेली होती. मास्तरांना मी घरी जाऊन भेटलो, माफी मागितली आणि नवे कार्ड भरून घेतले. त्यावरच्या दोन सह्याही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

त्यानंतर मी खाँसाहेबांच्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचे मोजमाप करत होते, त्यांचे पुस्तक १९१० चे. त्या कामी गाऊन दाखवायला बसले होते ते हेच खाँसाहेब. स्वर नेमका कुठे लागतो, याचा ज्याला इतका ध्यास, त्याने रहिमतखाँकडून आलाप घेतला काय, दक्षिणेतून सरगम घेतली काय, सगळे त्या एका लांबवलेल्या स्वराकडेच नेले. नाटकातली पदे मात्र रंगमंचावरच शोभतात, हे माझे मत आजही कायम आहे. वडिलांना तेवढे बोललो असतो तर ते ऐकूनही घेतले असते. बाकीचे मागे घ्यायचे राहून गेले. ते वारले तेव्हा मी दुसऱ्या गावी बदलीवर होतो.

भाच्याला हे सगळे सांगितले आणि एक प्रश्न विचारला. "तुझा हा डिलन शाळेत काय वाजवत होता?" त्याने चरित्र उघडले. हिबिंगच्या शाळेत पोरगा पियानो बडवत लिटल रिचर्डसारखा रॉक अँड रोल गात होता, आणि १९५९ च्या शाळेच्या वार्षिकात लिटल रिचर्डला जाऊन मिळणे हीच आपली आकांक्षा, असे छापूनही आले होते. म्हणजे ज्या काळात लोक त्याला अस्सल म्हणत होते, तेव्हाच तो गथ्रीची सही गिरवत होता. आणि न्यूपोर्टला हुर्यो झाली, पुढच्या वर्षी मँचेस्टरला कोणीतरी 'जूडास' म्हणून ओरडले, तेव्हा तो आपल्या घरच्या वाटेला लागला होता.

"आणि जत्रेची थाप?" भाचा सोडायला तयार नव्हता.

"ती थापच. तिला मी सही म्हणणार नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, माझी गाणी खरोखरच त्याच्यासारखी होतात." मी म्हटले, माझी पहिली कादंबरी ज्यांच्यासारखी झाली होती त्यांचे नाव मी तुला सांगणार नाही, तिसरीपर्यंत ते माझ्या टेबलाशी बसून होते.

परवा बहिणीचा फोन आला. फोटो अजून लावलेला नाही. गिटार कपाटावरून खाली आली आहे. तारा गंजल्या म्हणून तो पोवई नाक्यापर्यंत जाऊन आला. हव्या तशा मिळाल्या नाहीत, पुण्याहून मागवतो म्हणाला.