कर्ता कोण?

दर रविवारी तुर्भ्याच्या आमच्या विहारात दहावीची मुलं इंग्रजीच्या अभ्यासाला बसतात. परवा एक मुलगी म्हणाली, "काका, पॅसिव्ह व्हॉइस पाठ झाला, पण त्याचा उपयोग काय?"

मी फळ्यावर लिहिलं, 'टेन पीपल वेअर किल्ड.' म्हटलं, "सांग, कुणी मारलं?" पोर गप्प. वाक्यात कर्ताच नव्हता.

मग तिला ११ जुलै १९९७ ची गोष्ट सांगितली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० जणांचा जीव गेला. 'द पोलीस किल्ड टेन पीपल' लिहिलं, की कर्ता समोर येतो. पहिल्या वाक्यात तो लपतो. व्याकरणात दोन्ही बरोबर! आपलं 'गोळीबारात १० ठार' तरी काय वेगळं?

पालकहो, मुलांना एक सवय लावा. एकच बातमी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही पेपरांत वाचायची. क्रियापदाखाली रेघ मारायची आणि विचारायचं: हे कुणी केलं? हे कोण सांगतंय? ज्याच्यावर बेतलं, त्याचं म्हणणं कुठे आहे? मोबाईलवर आलेल्या मजकुरालाही हेच प्रश्न.

आपलं म्हणणं कुणी छापत नव्हतं, म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. आज छापलेलं पुष्कळ आहे. ते तपासून वाचणं आपल्या हाती आहे. इंग्रजीही त्यातूनच पक्कं होईल.

जयभीम!