मे महिन्यातला लॉग

गेल्या वर्षी मे महिन्यात एक पोलो जीटी टीएसआय माझ्या नाशिकच्या वर्कशॉपमध्ये टोचन करून आणली. भर दुपारी, चौघं बसलेले, एसी चालू. कसारा घाटाच्या मध्यावर इंजिन मिस मारायला लागलं. मालक चोविशीतला मुलगा, दोन वर्षं पैसे साठवून गाडी ट्यून केलेली. त्याने पहिल्यांदा मला मोबाइलवर डायनोचा कागद दाखवला. १०५ चे १३८ घोडे. किती अभिमानाने दाखवला, ते मी विसरलो नाही.

प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिठाच्या कणांएवढे चमकदार ठिपके. भिंगाखाली धरले तर ॲल्युमिनियम! पिस्टनचा धातू सुटून प्लगवर बसत होता. हेड खोलून पिस्टन उतरवला, तर वरच्या दोन रिंगांमधला काठ नखाएवढा तुटून तिथेच अडकलेला. हा नॉकचा मार. आपल्यापैकी ज्यांनी तो एकदा पाहिला आहे, त्यांना दुसरी ओळख लागत नाही.

तो डायनोचा कागद खोटा नव्हता, आणि खरी अडचण तिथेच आहे. सकाळची वेळ, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा आणि दहा सेकंदांचा एक पुल. तेवढ्यापुरते १३८ घोडे खरेच होते. कसाऱ्याच्या चढावर तोच बूस्ट मिनिटामागून मिनिट लागतो, आणि आत जाणारी हवा डांबरावरून तापून आलेली असते. २० अंशांची हवा १ बार बूस्टला दाबली, तर कॉम्प्रेसरमधून ती ११० अंशांच्या आसपास बाहेर पडते. ४० अंशांची हवा १३० च्या पुढे जाते. पुढचं सगळं इंटरकूलरवर. पोलोच्या १.२ टीएसआयमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्यावर चालणारा आहे. छोट्या पुलला उत्तम, पण ते पाणी एकदा तापलं की निवायला वेळ घेतं. हवा दर १० अंशांना सुमारे ३ टक्के विरळ होते, ताकद तेवढी जाते. ते एक वेळ चालेल. तापलेलं मिश्रण ठिणगीनंतर स्वतःहून भडकतं, तो नॉक चालत नाही. ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवू पाहतो. टायमिंग मागे गेलं की जळण उशिरा होतं, एक्झॉस्ट आणखी तापतो आणि टर्बो त्याच आगीत फिरत राहतो.

त्या पोलोची फाइल वाचली तेव्हा हवा तापल्यावर टायमिंग मागे घेणारा तक्ता जवळजवळ सपाट केलेला निघाला. डायनोवर सलग पुल घेताना त्याने चार-पाच घोडे जास्त दिसतात. फाइल कुणी टाकली, ते इथे महत्त्वाचं नाही. तशी फाइल आपल्या कुणाच्याही लॅपटॉपमध्ये असू शकते.

म्हणून या अंकात माझं एकच मागणं आहे. ट्यून केलेली गाडी मालकाच्या हातात देताना डायनोच्या कागदासोबत दुपारचा लॉग द्या. भर उन्हात, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, थंड होऊ न देता सलग तीन पुल. त्यात इनटेकचं तापमान हवं, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट हवा, लॅम्डा आणि रेल प्रेशर हवं, आणि सगळ्यात आधी प्रत्येक सिलिंडरचं नॉक करेक्शन वेगवेगळं हवं. सरासरी देऊ नका. त्या पोलोचे बाकीचे तीन सिलिंडर धडधाकट होते, सरासरीने तिसऱ्याचं दुखणं झाकलं असतं.

जुन्या फाइलींचा आणखी एक धोका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. ऑक्टेन त्याने वाढतो, पण तितक्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. २०१८ साली इंजेक्टर आणि पंपाची ताकद शेवटपर्यंत ताणून लिहिलेल्या फाइलीत हे ८ टक्के येणार कुठून? रेल प्रेशर वरच्या आरपीएमला खचतं, मिश्रण नेमकं पूर्ण लोडवर लीन होतं. त्या काळी आपण केलेल्या गाड्या एकदा बोलावून घ्या.

गिअरबॉक्सबद्दलही ग्राहकाला आधीच सांगा. पोलोची सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे. मूळ १७५ वरून २४० वर नेलं, तर उरतं काय ते त्याला कळू दे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही सांगा. विम्याचा दावा नाकारला गेल्यावर ते सांगून उपयोग नाही.

चाकणची पोलो, रांजणगावची अबार्थ पुंतो, शेंद्र्याची ऑक्टाव्हिया: या गाड्यांनी महाराष्ट्रातल्या एका पिढीला टर्बोचं वेड लावलं. पोलो आणि पुंतो आता नव्या मिळत नाहीत. ज्या उरल्या आहेत, त्या आपल्या हातात आहेत, आणि मला त्या पुढची वीस वर्षं घाटात धावताना पाहायच्या आहेत.

पुढच्या अंकापासून दुपारच्या लॉगशिवाय कोणतीही प्रोजेक्ट कार या मासिकात छापली जाणार नाही. यात माझ्या वर्कशॉपच्या गाड्याही आल्या.

त्या मुलाची पोलो नवीन पिस्टनवर आणि १२० घोड्यांवर चालते. गेल्या आठवड्यात तो कसारा चढून थेट माझ्याकडे आला आणि लॅपटॉप बॉनेटवर ठेवून लॉग उघडला. दुपारचे अडीच, बाहेर ४१ अंश. तिसऱ्या सिलिंडरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य होतं. त्याने तो रकाना दोनदा खाली-वर करून पाहिला, मग मला दाखवला.