पटकीने विचारलेला प्रश्न

‘पित्त खवळले’ हे वाक्य पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही घरात कानी पडते. बोलणाऱ्याच्या मनात असते जठरातले आम्ल, आणि उपाय असतो आमसुलाचे सार. खरे पित्त यकृतात होते. कोलेस्टेरॉलपासून घडलेली त्यातली पित्ताम्ले चरबी पचवतात, सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात, आणि उरलेली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती पडून रूप पालटतात. चरकसंहितेला जिवाणू ठाऊक नव्हते, तिचे पित्त म्हणजे आजचे पित्ताम्लही नव्हे. तरीही ग्रहणी या आतड्याच्या भागाला पचनाच्या अग्नीचे ठाणे मानून तिच्या विकाराला ताकाचे पथ्य सांगणाऱ्या त्या वैद्यकाने रोगाइतकेच लक्ष रोग्याच्या कोठ्याकडे दिले होते.

रोग्याच्या कोठ्याचा हाच प्रश्न पुढे पटकीने विचारला. १८१७ साली बंगालात जेसोरला भडकलेली पटकी (कॉलरा) वर्षभरात मुंबईला पोहोचली. धरमतरच्या खाडीने पेण आणि रेवदंड्याच्या खाडीने रोहा ज्या मुंबईशी बांधलेले होते, तिथून माल येई तशी साथही येई, आणि वेशीवरच्या मरीआईला नैवेद्य दाखवणे एवढेच गावाच्या हाती उरे. एकाच विहिरीचे पाणी प्यालेल्या दोन भावांतला एक दगावतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे कोडे मात्र नैवेद्याने सुटत नव्हते. १८८४ साली जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू दाखवला, तेव्हाही ते सुटले नाही. जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफने १८९२ च्या सुमारास पॅरिसमध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. कोणी आजारी पडते, कोणी पडत नाही, याचे कारण आतड्यात आधीपासून नांदणाऱ्या इतर जिवाणूंत असावे, असा तर्क त्याने मांडला.

१८९३ मध्ये पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आलेला आणि पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारा वाल्डेमार हाफकिन हा याच मेचनिकॉफचा शिष्य. परळच्या संस्थेला शिष्याचे नाव मिळाले. गुरूचा तर्क मात्र मागे पडला. त्यात नवल नाही. लस आणि शुद्ध पाणी जीव वाचवत होते, आणि १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा पेनिसिलिन देशात बनू लागणे ही खरोखर मुक्तीची गोष्ट होती. पण प्रत्येक विजयी शस्त्राबरोबर जुना प्रश्न पुसला जातो. १९७८ पर्यंत स्पष्ट झाले होते की प्रतिजैविकांनी उजाड झालेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा जंतू माजतो. त्याला आवर घालणाऱ्या गोष्टींत जिवाणूंनी पालटलेली पित्ताम्लेही असतात, हे त्यानंतर बऱ्याच काळाने कळले.

२०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की लिथोकोलिक आम्ल या जिवाणूंनी घडवलेल्या पित्ताम्लाचे एक रूप आतड्यातल्या दाह पेटवणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना रोखते आणि दुसरे दाह शमवणाऱ्या पेशी वाढवते. म्हणजे आपली प्रतिकारशक्ती किती भडकावी, यात जिवाणूंनी घडवलेल्या पित्ताचाही हात आहे. आणि २०२० मध्ये, मेचनिकॉफच्या तर्कानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठातून जुन्या कोड्याचे एक उत्तर आले: टॉरोकोलेट हा पित्तक्षार (पित्ताम्लाचेच क्षाररूप) पटकीच्या जंतूला विष निर्माण करण्याची इशारत देतो, आणि निरोगी आतड्यातला ब्लॉटिया ओबियम हा जिवाणू तोच क्षार तोडून टाकतो. मरीआईने वाचवलेल्या भावाच्या पोटात कदाचित असाच कोणी राखणदार असेल.

हे राखणदार सगळीकडे सारखे नसतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या २०१६ मधील अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य आढळले; भात-नाचणी, कडधान्ये आणि ताक यांवर पोसलेल्या आपल्या कोठ्याचा अभ्यास परदेशी उंदरांवर सोडून चालणार नाही. तो अभ्यास होईतोवर प्रतिजैविके डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियम तरी पाळावा. त्यांतल्या अनेकांच्या विक्रीची नोंदवहीत नोंद १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे. पावसाळ्यात पाण्यासारखे जुलाब लागले की पेण-रोह्यातल्या प्रत्येक घराने आधी क्षारसंजीवनी (ओआरएस) घ्यावी, रक्त पडले, ताप चढला किंवा शोष पडला तर विनाविलंब डॉक्टर गाठावा, आणि औषधाच्या दुकानातून ‘चार गोळ्या’ मागून आणणे आजपासून बंद करावे.